पांदणीच्या तोंडावरची काटी

माझं पहिलं छापलेलं लिखाण कोणतं, असं कोणी विचारलं की मी कॉलेजच्या वार्षिक अंकातल्या एका लेखाचं नाव सांगते. ते खरं नाही. पहिलं छापलेलं लिखाण म्हणजे एक पत्रक. पिवळ्या कागदावर, एका बाजूला, अकोल्याच्या एका छोट्या प्रेसमध्ये छापलेलं. त्याचं शीर्षक होतं, 'पांदण कोणाच्या बापाची?' त्या पत्रकामुळे आमच्या गावची एक धड असलेली पांदण खराब झाली आणि जिच्या बाजूने मी ते लिहिलं होतं, तिच्या दसऱ्याच्या झेंडूचं वाटोळं झालं. उरलेल्या प्रती घरी माळ्यावर आहेत. टाकून देता येत नाहीत आणि कोणाला देताही येत नाहीत.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि सुट्टीच्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला पत्रकांचा गठ्ठा बांधून बाजाराच्या गावी जात. मजुरी, हुंडा, दारू, रेशनचं धान्य, अंगात येणं, असा एकही विषय नव्हता ज्यावर आमच्या घरी कागद नव्हता. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले. आई त्यांच्याच पुड्यांत शेंगदाणे बांधून द्यायची, त्यामुळे शाळेत मधल्या सुट्टीत खाता खाता मी 'बंधूंनो आणि भगिनींनो' वाचत असे. जगात जे काही वाईट आहे ते फक्त अजून कोणी छापलेलं नाही, एवढंच, अशी माझी पक्की समजूत झाली होती. छापलं की सुटलं.

अकोल्याहून पातूरकडे जाताना आमच्या फाट्यावर एसटीतून उतरलं की उजवीकडे गाव आणि डावीकडे पांदण. पांदण म्हणजे वावरांच्या मधून जाणारी मातीची वाट. नकाशात असते, पण तिला खडी, मुरूम, डांबर काही लागलेलं नसतं. आमची पांदण दीडएक किलोमीटर आत जाते, नाल्यापर्यंत. तिच्या अगदी तोंडाशी आबाजींचं वावर आहे. आबाजी माझे कोणी नात्याचे नव्हेत, पण त्या वयाच्या माणसाला आम्ही आबाजीच म्हणतो. कपाशी, तूर, बैलांची एक जोडी आणि कायम चढलेला आवाज. पांदणीच्या दुसऱ्या टोकाला, नाल्याच्या काठी, काकूचा मळा. काकूचं घर पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला आणि फुलं करणारं. काकांचा पाय अधू, ते विहिरीजवळ बसून पालकाच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचे. बाकीचं सगळं काकू. वांगी, भेंडी वर्षभर, आणि एका तुकड्यात दसऱ्याला नेमका येईल असा झेंडू. त्या झेंडूवर तिचं वर्ष चालायचं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

त्या वर्षी मी अमरावतीला शेवटच्या वर्षाला होते आणि महालक्ष्म्यांना घरी आले. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला होता. एसटीतून उतरले तर पांदणीच्या तोंडावर आडवी काटी टाकलेली. काटेरी फांद्यांचा मोठा भारा, या बाजूच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत. आणि पलीकडून काकू येत होती. डोक्यावर टोपलं, टोपल्यात भेंडी आणि सांबार, पायांना घोट्यापर्यंत चिखल. काटीपाशी ती थांबली, लुगडं गोळा केलं आणि धुऱ्यावर चढून कडेकडेने बाहेर आली.

"काटी कोनं टाकली व काकू?"

"आबाजीनं."

"काहून?"

"पानी आलं ना काल," ती म्हणाली आणि टोपलं सावरत फाट्याकडे गेली. तिला अकोल्याची गाडी गाठायची होती.

तिने मला उत्तर दिलं होतं. चार शब्दांत, पूर्ण उत्तर. मी मात्र पहिलंच उत्तर घेऊन घरी गेले. आबाजीने काटी टाकली. तोंडावरचा जमीनवाला सार्वजनिक वाट बंद करतो आणि शेवटच्या वावरातली बाई डोक्यावर ओझं घेऊन दीड किलोमीटर चालते. मला यापुढे काही विचारायची गरजच वाटली नाही. इतकं नीट जुळलेलं चित्र होतं.

आबाजींना मी विचारलं, नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी ते धुऱ्यावर उभे राहून फावड्याने नाली उकरत होते. मी म्हटलं, "आबाजी, ही वाट सरकारी हाये. तुमाले बंद करता येत नाही."

त्यांनी फावडं थांबवलं नाही. "वाफसा होऊ दे, मंग जाय."

"अन् कोनाले तोवर जायाचं असन तं?"

"पायी जाय ना. पायाले कोन अडवते?" मग माझ्या सँडलकडे पाहून म्हणाले, "तुले तं तसंही एसटीनंच जायाचं हाये. पांदनीत तुह्यं काय अडलं?"

वाफसा म्हणजे ओल्या काळ्या जमिनीतलं पाणी उतरून ती पाय धरेल इतकी सुकणं. वावर वखरायला, पेरायला वाफसा लागतो हे मला लहानपणापासून माहीत होतं. वाटेलाही वाफसा लागतो हे माहीत नव्हतं. शेतकऱ्याच्या गावात वाढून माहीत नव्हतं. मला त्यांच्या बोलण्यात ऐकू आला फक्त तोरा. शिकलेल्या मुलीला चिमटा काढणारा म्हातारा. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले.

ते पत्रक चांगलं झालं होतं. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते, पण खरं आहे. त्यात एक वाक्य होतं: 'बाभळीच्या काट्यांनी अडवलेली ही वाट कष्टकरी बाईच्या रक्ताने भिजते आहे.' काकूच्या पायाला रक्त नव्हतं, चिखल होता. पण 'चिखलाने भिजते' लिहिलं असतं तर वाक्य पडलं असतं. शेवटची ओळ होती, 'पांदण कोणाच्या बापाची नाही. काटी उचला, वाट खुली करा.'

बाबांनी ते दोनदा वाचलं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. चष्मा काढून म्हणाले, "जोरदार आहे. तिला दाखवलंस का?"

"कोणाला?"

"जिच्याबद्दल आहे तिला."

मी म्हटलं, "हो. दाखवलं."

मला आजही कळत नाही की ते खोटं मी इतक्या सहज कसं बोलले. काकूचा मळा लांब होता, पांदणीत चिखल होता, मला परत अमरावतीला जायचं होतं. ही कारणं मी नंतर शोधली. तेव्हा एवढंच वाटलं होतं की ती नाही म्हणेल, आणि मला तिचं नाही ऐकायचं नव्हतं. बाबांनी आयुष्यभर एक नियम पाळला होता, की ज्याच्याबद्दल कागद काढायचा त्याला आधी वाचून दाखवायचा. हे मला पाढ्यांइतकंच पाठ होतं.

पत्रक छापून आलं. बाजारच्या दिवशी मी ते वाटलं, भाजीच्या ओळीत, चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकलं आणि ते माझ्या अपेक्षेपेक्षा लांब गेलं. अमरावतीच्या मैत्रिणींनी शाबासकी दिली. अचलपूरकडच्या एका अनोळखी मुलाने लिहिलं, आमच्याकडेही अशीच काटी टाकतात, आता आम्हीही पाहतो. तेव्हा मला अभिमान वाटला होता. त्याच्या गावच्या पांदणीचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

घट बसायच्या आदल्या दिवशी, मी पुन्हा गावी आले होते तेव्हा, आम्ही पांदण खुली केली.

आम्ही म्हणजे मी, गावातले सहा-सात जण आणि एक ट्रॅक्टरवाला. हा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, मला ताई म्हणणारा, हसतमुख माणूस. त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर, ट्रॉलीसकट. माझं पत्रक त्याला इतकं आवडलं होतं की त्याने ते ट्रॅक्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. दोन दिवसांपूर्वी पाऊस झाला होता आणि काटी पडलेली होती. आम्ही ती ओढून धुऱ्यावर टाकली. माझ्या हाताला ओरखडे आले, ते मी सगळ्यांना दाखवले.

आबाजी बैल सोडून आले आणि धुऱ्यावर उभे राहिले. मी मडगार्डवर चढून बसले होते. ते वाटेत आडवे येतील अशी माझी तयारी होती. ते आले नाहीत. फक्त म्हणाले, "पोरी, दहा दिसावर दसरा हाये."

मला वाटलं, सणासुदीचं भांडण नको, असं म्हणताहेत. मी वरून उत्तर दिलं, "सण गरिबालेही असते आबाजी." मुलं हसली. आबाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाकडे पाहिलं आणि वळून गेले.

ट्रॅक्टर आत गेला. पहिली शंभर पावलं बरा गेला. वरची साय सुकल्यासारखी दिसत होती, पण खाली ओल तशीच होती आणि रिकाम्या ट्रॉलीचंही वजन तिला पेलत नव्हतं. चाकं खाली जाऊ लागली. काळी माती चाकाला चिकटून पोळीसारखी उलटत होती, आणि मागे दोन खोल चाकोऱ्या पडत होत्या. मी मागे वळून पाहिलं, आणि त्या मला छान दिसल्या. वाट उघडल्याची खूण.

काकूच्या मळ्याशी ट्रॅक्टर वळवायला जागा कमी होती. पुढे-मागे, पुढे-मागे करत त्याने तिथली सगळी वाट घोळून काढली. काकू झेंडूच्या तुकड्यात उभी होती. झाडांवर कळ्या आलेल्या. तिने तोंडावर हात ठेवला होता. मी वरून हात हलवला. तिने हलवला नाही. मी समजले, बाई घाबरली आहे, वर्षानुवर्षांची दबलेली आहे, एकदम मोकळी कशी होणार.

परतताना ट्रॅक्टर फसला. मध्यावर, जिथे एका बाजूचा उतार पांदणीत येतो तिथे. दुसरा ट्रॅक्टर बोलावला, साखळी बांधली, आणि त्या ओढाताणीत तिथे गुडघाभर खड्डा झाला. सगळ्यांना मजा आली. माझा मडगार्डवरचा फोटो त्याच दिवशी पन्नास ठिकाणी गेला.

चौथ्या माळेला पाऊस आला आणि दोन दिवस राहिला.

काळ्या जमिनीची वाट कशी चालते, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं की नाही, शंका आहे. आता सांगते. वाट मध्ये थोडी उंच असते आणि कडेला नाली. पाणी पडलं की दोन्हीकडे उतरतं, नालीने नाल्याला जातं. दोन-तीन दिवस तिच्यावर चाक जाऊ दिलं नाही की वरचा थर आवळून येतो, आणि मग भरलेली गाडीसुद्धा त्यावरून जाते. पण ओल्यात एकदा चाकोरी पडली की पाणी नालीपर्यंत जातच नाही. चाकोरीतच साचतं, तिथेच मुरतं, आणि त्यानंतर वाफसा यायला उन्हं लागतात, ती दसऱ्याच्या आधी मिळाली नाहीत. आबाजी उन्हाळ्यात जी नाली उकरायचे, विहिरीतून निघालेला दगड आणून खड्ड्यांत टाकायचे, त्यावर पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळलेल्या काड्या, दाबायचे, ते सगळं मी लहानपणापासून येता-जाता पाहिलं होतं. म्हातारा स्वतःच्या वावराचं काहीतरी करतो आहे, असं मला वाटायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी फाट्यावर होते, अमरावतीची गाडी पकडायला. कॉलेजात दसऱ्याला कार्यक्रम होता. तेवढ्यात मालवाहू गाडी आली. दर वर्षी ती थेट काकूच्या मळ्यापर्यंत जायची, तिथेच झेंडूचे कट्टे, म्हणजे पोती, भरायची आणि अकोल्याला फुलांच्या बाजारात उभी राहायची. गाडीवाला पांदणीच्या तोंडाशी उतरला. दहा पावलं आत गेला, बूट हातात घेऊन परत आला.

"गाडी आत नाही जात भौ," तो आबाजींना म्हणाला. "अर्धा तास थांबतो. जेवढा आनता येईन तेवढा आना. मले अजून दोन गावचा माल घ्या लागते."

आबाजींनी मला पाहिलं होतं. बैल जुंपले. बैलबंडी आत गेली आणि जिथे आमचा ट्रॅक्टर फसला होता तिथे डावा बैल गुडघ्यावर बसला. आबाजी खाली उतरले, जोखड काढलं, बैलाच्या मानेखाली खांदा लावून त्याला उठवलं. बैल लंगडत बाहेर आला. बंडी तिथेच राहिली.

मी बॅग आबाजींच्या धुऱ्यावर ठेवली आणि आत गेले.

काकू पहाटेपासून तोडत होती. कट्टे भरून विहिरीजवळ ओळीने ठेवलेले. मला पाहून ती म्हणाली, "आली का? घे मंग." तिने एक कट्टा माझ्या डोक्यावर दिला. ओल्या झेंडूचं वजन किती असतं, हे ज्याने उचलला नाही त्याला सांगून कळायचं नाही. दहा पावलांवर माझा पाय मांडीपर्यंत आत गेला, मी पडले, कट्टा पडला. काकू मागून येत होती. तिने आपला कट्टा तसाच डोक्यावर धरून मला दुसऱ्या हाताने ओढलं.

"धुऱ्यावरून चाल व. मंधातून नको."

दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत मी तिला म्हटलं, "काकू, आबाजीनं काटी टाकली नसती तं मी हे केलं नसतं." मला वाटतं, मला काहीतरी वाटून घ्यायचं होतं तिच्याशी. दोषाचा एक तुकडा तरी आबाजींकडे जावा.

ती चालता चालताच बोलली. वळली नाही, डोक्यावर ओझं असल्यावर वळता येत नाही. "आबाजीले काय पडली हाये काटीची? त्याचं वावर रोडले लागून हाये. त्याले पांदनीचं काय काम? पानी पडलं का मीच त्याले जाऊन सांगतो, आबाजी, काटी टाका. मी शेवटची हावो ना. पांदन मोडली तं पयले मी मरतो. माह्या सासऱ्याच्या टायमापासून तो टाकून राहिला. काटी माही हाये, पोरी. टाकते फक्त तो."

मी कट्टा सावरत तिच्या मागे चालत राहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुह्या कागदात म्हने मी होतो. मले बाजारात एका बाईनं सांगतलं, काकू, तुमचं नाव नाही पन तुमीच हा. म्या म्हटलं, माह्या पायातून रगत कवा आलं बाप्पा?"

ती हसली. खरंच हसली, टोमणा मारायला नाही. मी तेव्हा धुऱ्यावर उभी होते आणि मला त्या चिखलात परत पडावंसं वाटलं.

गाडीवाला अर्ध्या तासाऐवजी तासभर थांबला. तरी मळ्यातल्या मालाचा निम्मासुद्धा बाहेर आला नाही. जो आला तो पडून, दाबून, भिजून काळवंडलेला. उरलेला झेंडू दुसऱ्या दिवशी गावात वाटला. त्या दसऱ्याला आमच्या गावात अशी एकही चौकट नव्हती जिला झेंडूचं भरगच्च तोरण नाही. आमच्या दारालाही होतं. आईने दोन पदरी केलं होतं. बाबा ते बघत बसले होते, म्हणाले, "तिला वाचून दाखवलं नव्हतंस ना?"

मी म्हटलं, "नाही."

ते उठून आत गेले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसानंतर माझं कुठलंही लिखाण त्यांनी तपासायला मागितलं नाही, आणि मी दिलंही नाही.

पुढच्या वर्षी आषाढात मी परत गावी होते, पदवी हातात घेऊन. मला माफी मागायची होती आणि ती मला एकाच पद्धतीने मागता येत होती. मी दुसरं पत्रक लिहिलं. या वेळी आधी मळ्यात गेले आणि काकूला वाचून दाखवलं. ती झेंडूची रोपं पाहत होती. वाफ्यात रोपं तयार होती, लावायची की नाही ते ठरत नव्हतं. माझं पान संपल्यावर ती म्हणाली, "हे नको छापू. पुन्हा सारेजन वाचतीन, पुन्हा गोंधय. काल पानी पडलं, अन् आबाजीनं काटी नाही टाकली. म्हनते, आता काटी टाकली का कागद निघते. तू चाल, आपन टाकू."

आम्ही दोघींनी काटी टाकली. तिने कोयत्याने फांद्या तोडल्या, मी ओढल्या. तोंडावर आडवी रचली आणि आम्ही शेजारी आबाजींच्या धुऱ्यावर बसलो. मला वाटत होतं, आता मी इथे बसून राहीन. वाफसा होईपर्यंत. दोन दिवस लागले तर दोन दिवस.

तासाभरात तोच ट्रॅक्टरवाला आला. त्याला आतल्या एका वावरात खत टाकायचं होतं, ट्रॉली भरलेली. काटी पाहून त्याने ट्रॅक्टर उभा केला, मला पाहून त्याचा चेहरा खुलला.

"अरे, ताई. पुन्हा टाकली काय त्या बुढ्यानं? थांबा, मी काढतो."

"त्यांनी नाही. आमी टाकली."

त्याला ते विनोदासारखं वाटलं. मी त्याला समजावलं. वाफसा, चाकोरी, नाली, मागच्या वर्षीचा झेंडू, सगळं. तो नीट ऐकत होता. मग त्याने पेटीचं झाकण उघडलं. माझं पिवळं पत्रक आतून अजून चिकटलेलं होतं, तेलाच्या डागांसकट. त्याने त्यावर बोट ठेवलं.

"हे मंग? पांदन कोनाच्या बापाची नाही. तुमीच लिवलं ना?"

"ते मी चूक लिहिलं."

"छापेल हाये ताई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, थोडा गोंधळ होता. जणू मी त्याच्याकडून काही काढून घेत होते. "मले आज टाकाच लागते खत. उद्या दुसऱ्याकडे जायाचं हाये. काय हो काकू?"

काकू म्हणाली, "मी काय सांगू भौ? वाट काई माह्या बापाची नाही."

त्याने काटी ओढून बाजूला केली, अगदी मागच्या वर्षी आम्ही केली होती तशी, आणि भरलेली ट्रॉली आत नेली. काकू उठली. काटी परत ओढून जागेवर आणली. एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं मी धरलं.

"आता काहून, काकू? पडल्या ना चाकोऱ्या."

"माघून आनखी कोनी आला तं," ती म्हणाली.

मागून आले. त्या पावसाळ्यात सगळेच आले. अडवलं की कोणी ना कोणी माझंच वाक्य म्हणायचं, काही जण तर ते माझं आहे हे माहीत नसतानाही. आबाजींची काटी इतकी वर्षं का चालली, ते मला तेव्हा समजलं. तिच्यामागे कायदा नव्हता आणि दांडगाईही नव्हती. काटी दिसली की थांबायचं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. ते माहीत असणं मी एका पानात मोडून टाकलं होतं.

काकूने झेंडूच्या तुकड्यात तूर पेरली. "तूर थांबते," ती म्हणाली. "पांदन सुकली का न्या. फूल नाही थांबत." तयार रोपं वाफ्यात वाळायला लागली होती. ती एका पाटीत भरून आबाजी स्वतः घेऊन गेले. डांबरी रोडला लागून असलेली आपल्या कपाशीची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, त्यांनी मोडली आणि काकूला तिथे झेंडू लावायला सांगितलं. तिथून गाडी दहा पावलांवर. दोन तासं म्हणजे तिच्या पूर्वीच्या तुकड्याच्या मानाने काहीच नाही, पण दर वर्षी दसऱ्यासाठी ती तिथे लावते. एसटीतून उतरलं की पहिल्यांदा तोच झेंडू दिसतो. ज्या माणसाला मी वाट अडवणारा म्हणून छापलं, त्याच्या जमिनीत.

मागच्या खेपेला आबाजी तिथेच बसले होते. मी उतरले तसे म्हणाले, "पाह्य, तोंडावर आता फुलं टाकली. यावर कागद नको काढजो."

मी म्हटलं, "काढून राहिली, आबाजी."

"मंग तिले आंधी वाचून दाखव."

मी दाखवला. हे जे इथपर्यंत लिहिलं आहे ते सगळं, झेंडूच्या त्या दोन तासांच्या कडेला बसून, काकूला वाचून दाखवलं. ती फुलं तोडत ऐकत होती. तिने मध्ये कुठेच थांबवलं नाही. ट्रॅक्टरचं आलं तेव्हा फक्त हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. संपल्यावर म्हणाली, एक चुकलं.

"काय?"

"तुह्या त्या पयल्या कागदात. बाभयीची काटी लिवलं. पांदनीत बाभय कोनी टाकते काय? बाभयीचा काटा मोडून मातीत राहते, बैलाच्या खुरात जाते, मानसाच्या पायात जाते. बोरीची होती. सदाच बोरीचीच राहते. तू ओढली ना व ती, दोन खेपा. पाह्यली नाही काय?"

वर पत्रकातलं ते वाक्य मी तसंच ठेवलं आहे.